कमी खर्चात डिझाइन आणि चित्रं : कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरगुती मसाल्यांची पाकिटं करणाऱ्या ताई, गणेश मंडळाचे कार्यकर्ते, दहावीच्या सुट्टीत टॅबलेटवर चित्रं काढू पाहणारी मुलं आणि डीटीपीचं दुकान टाकायच्या विचारात असलेले तरुण, असे सगळे "स्वस्तातलं चांगलं सॉफ्टवेअर कोणतं?" म्हणून विचारतात. खालची उत्तरं त्यांच्यासाठी आहेत. रुपयांचे आकडे मुद्दाम टाळले आहेत, कारण भाव सतत बदलतात आणि वर १८ टक्के जीएसटी लागतो. घ्यायच्या दिवशी कंपनीच्या संकेतस्थळावर भाव बघा.

फार वेळ नाही. थोडक्यात सांगा, काय घेऊ?

लोगो, पत्रिका, लेबल, व्हिजिटिंग कार्ड यांसाठी इंकस्केप. चित्रं काढायला क्रिटा. फोटोवर काम करायला गिंप. पुस्तक किंवा अंक लावायला स्क्रायबस. व्हॉट्सॲपवर टाकायच्या पोस्टसाठी कॅनव्हाची फुकट आवृत्ती. यातल्या कशालाच पैसे पडत नाहीत आणि पहिली चार तर मुक्त सॉफ्टवेअर (मूळ कोड सगळ्यांना खुला असलेली) आहेत, म्हणजे उद्या कोणी अचानक वर्गणी मागणार नाही.

पण डाउनलोड करण्याआधी पुढचा प्रश्न वाचा.

सुरुवात नेमकी कुठून करायची?

प्रेसपासून. तुमचं काम शेवटी जिथे छापलं जाणार आहे तिथे जा आणि विचारा, "फाइल कशात घेता?" महाराष्ट्रातल्या बहुतेक छोट्या प्रेसमध्ये आणि फ्लेक्सच्या दुकानांत याचं उत्तर एकच येतं : "कोरलमध्ये आणा, नाहीतर पीडीएफ द्या. फॉण्ट कर्व्ह करून द्या." कोरल म्हणजे कोरलड्रॉ हे डिझाइनचं सॉफ्टवेअर, आणि कर्व्ह करणं म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून टाकणं, मग समोरच्याकडे फॉण्ट नसला तरी चालतं. काउंटरवरच्या माणसाला तुम्ही काम कशात केलंत याच्याशी घेणंदेणं नसतं. त्याच्या मशिनवर फाइल उघडली पाहिजे आणि अक्षरं जागची हलता कामा नयेत, एवढंच त्याला हवं असतं.

तिथेच आणखी तीन गोष्टी विचारून घ्या. कापण्यासाठी कडेला किती जागा सोडायची? साधारण ३ मिमी सांगतात, काही जण जास्त मागतात. फाइल सीएमवायके रंगांत (छपाईच्या चार शाया) लागते की आरजीबी (स्क्रीनचे तीन रंग) चालते? आणि कटिंग किंवा फॉइल असेल तर त्याची रेघ वेगळ्या रंगात द्यायची का? ही उत्तरं मिळाली की निम्मी सॉफ्टवेअरं यादीतून आपोआप गळतात. ज्याचं काम कधी छापलंच जाणार नाही, फक्त इन्स्टाग्रामवर जाणार, त्याने हा फेरा वाचवावा. त्याला जवळजवळ काहीही चालतं.

वेक्टर आणि रास्टर यांतला फरक मला कळायलाच हवा का?

हो. नाहीतर पैसे चुकीच्या जागी जातात.

रास्टर म्हणजे ठिपक्यांचं चित्र. फोटो, क्रिटातलं रंगकाम, मोबाइलवरची पोस्ट हे सगळं त्यात येतं. वेक्टर म्हणजे रेषांचं गणित, ते कितीही मोठं केलं तरी फाटत नाही. एक हिशेब बघा. मंडळाची पोस्ट १०८० बाय १०८० ठिपक्यांची असते. तीच १० फूट रुंद फ्लेक्सवर ताणली तर इंचाला उरतात फक्त ९ ठिपके. फ्लेक्स लांबून बघतात म्हणून ७२ ठिपके प्रति इंच पुरतात, पण तेवढ्यासाठीसुद्धा १० बाय ८ फुटांची फाइल ८६४० बाय ६९१२ ठिपक्यांची लागते. "मोबाइलवर तर झकास दिसत होतं" ही तक्रार या हिशेबातून येते. हातात धरून वाचायच्या छपाईला ३०० धरा, म्हणजे ए-४ कागदाला २४८० बाय ३५०८.

लोगो नेहमी वेक्टरमध्येच करा. यावर चर्चा नको.

मराठी अक्षरं नीट येतील का? परदेशी सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटतात म्हणतात.

काहींत फुटतात. किंमत कितीही असली तरी मराठी माणसाने आधी हेच तपासावं. विकत घेण्यापूर्वी चाचणी आवृत्ती उतरवा आणि ही ओळ युनिकोडमध्ये (मोबाइलवर मराठी लिहितो तोच प्रकार) टाइप करा :

क्षितिज, ज्ञानेश्वर, कर्तृत्व, स्त्रियांची, दर्या, दऱ्याखोऱ्या, ॲप, ऑफिस, शृंगार, किल्ल्यांवर

मग एकेक शब्द नजरेखालून घाला. "क्षितिज"मधली पहिली वेलांटी क्षच्या डावीकडेच आहे ना? कच्च्या सॉफ्टवेअरमध्ये ती अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. "दर्या"वर रफार आणि "दऱ्या"त आडवा अर्धा र, असे दोन वेगळे आकार दिसतात ना? दोन्हींचे अर्थ वेगळे आहेत, त्यामुळे ट्रेकिंगच्या पत्रकात गडबड झाली तर डोंगरातले लोक समुद्रावर जातील. "स्त्रियांची"मध्ये हलन्त सुटा पडला का? "ॲप"च्या जागी रिकामी चौकट आली का? चौकट आली तर तो दोष बहुधा फॉण्टचा असतो, जुन्या फॉण्टांत हे अक्षरच नसतं. बाकीचे दोष बहुधा सॉफ्टवेअरचे.

माझ्या वापरात इंकस्केप आणि गिंप या परीक्षेत बिनबोभाट पास होतात. स्क्रायबसची १.४ ही जुनी मालिका नापास होते, पण २०२४ साली आलेली १.६ पास होते. म्हणून यूट्यूबवरच्या जुन्या व्हिडिओत "स्क्रायबसमध्ये मराठी येत नाही" असं कोणी म्हणत असेल, तर तो खोटं बोलत नाही, त्याची माहिती शिळी झाली आहे एवढंच. ॲडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी उत्तम येतं, पण एक खुंटी पिळावी लागते : पानं लावायच्या इनडिझाइनमध्ये परिच्छेदाला "वर्ल्ड-रेडी कंपोझर" निवडावा लागतो, इलस्ट्रेटरमध्ये पसंतींत जाऊन भारतीय लिपींचे पर्याय चालू करावे लागतात. ते केलं नाही तर हजारोंची वर्गणी भरूनही वेलांटी उलट्या बाजूला.

श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव हे फॉण्ट चालतील का?

चालतात, पण ते वेगळ्या जगातले आहेत. या जुन्या फॉण्टांत मराठी मजकूर आतून रोमन अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवर साठवलेला असतो. फॉण्ट काढला की खाली अगम्य इंग्रजी चिन्हांची रांग उरते. फायदा असा की ते कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये चालतात, कारण सॉफ्टवेअरला ते इंग्रजीच वाटतं. म्हणूनच प्रेसवाल्यांनी ते अजून सोडलेले नाहीत, आणि त्यात सुलेखनाची वळणं पण भरपूर आहेत. तोटा असा की मजकूर शोधता येत नाही, दुसरीकडे चिकटवता येत नाही, आणि तोच फॉण्ट समोरच्याकडे नसेल तर सगळंच मुसळ केरात.

नवीन शिकणाऱ्याने युनिकोडवरच राहावं. विंडोजमध्ये मराठीचा फोनेटिक कळफलक आतच मिळतो. फुकट युनिकोड फॉण्टही आता भरपूर आहेत : मुंबईच्या "एक टाइप" या गटाचे "मुक्त", "बलू" आणि "मोदक", अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचे हिंद, खंड, तेको आणि कलम, शिवाय गूगलचा नोटो. हे ओपन फॉण्ट लायसन्सखाली आहेत, म्हणजे धंद्याच्या कामातही बिनपैशाने वापरता येतात. ल आणि श मराठी वळणाचेच हवे असतील (मला हवे असतात, हिंदी वळणाचा ल मराठी पत्रिकेवर खटकतो) तर "तिरो देवनागरी मराठी" हा फॉण्ट घ्या, त्यात ते मुळातच तसे आहेत. गिंपमध्ये मजकुराची भाषा "मराठी" निवडली तर नोटोसारखे काही फॉण्टही वळण बदलतात.

इंकस्केप खरंच कोरलड्रॉची जागा घेऊ शकतं?

घरगुती उद्योग, संस्था, मंडळ, एकट्याने काम करणारा डिझायनर यांच्यासाठी हो. दिवसाला वीस गिऱ्हाइकं येणाऱ्या प्रेससाठी नाही.

इंकस्केप २००३ साली सोडीपोडी नावाच्या दुसऱ्या मुक्त सॉफ्टवेअरपासून फुटून निघालं. त्याची स्वतःची फाइल एसव्हीजी असते. एसव्हीजी हे कुणा कंपनीच्या मालकीचं नसलेलं मानक असल्यामुळे तुमचं काम वीस वर्षांनीही कशात ना कशात उघडेल. २०२२ च्या १.२ आवृत्तीपासून एका फाइलमध्ये अनेक पानं ठेवता येतात, त्यामुळे व्हिजिटिंग कार्डाच्या दोन बाजूंसाठी दोन फाइली सांभाळायची कटकट संपली. पीडीएफ करताना "मजकूर पाथमध्ये बदला" असा पर्याय येतो. प्रेसवाला ज्याला कर्व्ह म्हणतो तेच हे. तो निवडा, पण मूळ एसव्हीजी वेगळी ठेवा. कर्व्ह झालेल्या मजकुरात नंतर शुद्धलेखन सुधारता येत नाही, आणि लग्नपत्रिकेत आत्याचं नाव शेवटच्या क्षणी वाढतंच.

आता खरी अडचण. इंकस्केप रंग आरजीबीत धरतं. तुम्ही दिलेला शुद्ध काळा प्रेसमध्ये सीएमवायकेत बदलला की चार शायांच्या मिश्रणाचा काळा होतो. ऑफसेटवर चार प्लेट केसभर जरी सरकल्या तरी बारीक मजकुराच्या कडांना निळी-लाल झाक दिसते. मोठ्या अक्षरांत ती कळत नाही, पण मसाल्याच्या पाकिटावरच्या घटकांच्या यादीत लगेच दिसते. उपाय दोन. प्रेसवाल्याला सांगा, "भाऊ, काळा मजकूर फक्त के शंभरवर (म्हणजे फक्त काळ्या शाईत) करून घ्या." कोरलमध्ये त्याचं ते दोन मिनिटांचं काम आहे. किंवा स्वतः एसव्हीजी स्क्रायबसमध्ये आणा, काळ्या रंगाची व्याख्या के १०० अशी करा आणि तिथून पीडीएफ काढा. डिजिटल प्रिंटिंग किंवा फ्लेक्स असेल तर यातलं काहीच करायची गरज बहुतेक वेळा पडत नाही.

कोरलची सीडीआर फाइल इंकस्केप उघडायचा प्रयत्न करतं. साधी असेल तर बरी उघडते, सावल्या आणि पारदर्शक थर असतील तर विस्कटते. सीडीआरमध्ये सेव्ह मात्र करता येत नाही.

मग कोरलड्रॉ कुणी घ्यावं?

ज्याचं पोट प्रेसच्या कामावर आहे त्याने. हे कॅनडातल्या ऑटावाचं सॉफ्टवेअर १९८९ साली आलं आणि आपल्याकडे डीटीपी म्हणजे कोरल असं समीकरणच होऊन बसलं. गिऱ्हाईक पेनड्राइव्हमध्ये सीडीआर घेऊन येतं, जुनी बिलबुकं सीडीआरमध्ये असतात, कारागीर कोरलवरच शिकलेला असतो. ही साखळी एकट्याने तोडणं परवडत नाही.

वर्गणी आणि एकरकमी परवाना या दोन्ही पद्धतींनी ते मिळत आलं आहे. महिन्याला ठरावीक काम असेल तर एकरकमी बघा, पुढच्या आवृत्त्या त्यात मिळत नाहीत पण प्रेसला त्या क्वचितच लागतात. नवीन आवृत्तीची फाइल जुन्यात उघडत नाही हे लक्षात ठेवा आणि बाहेर देताना खालच्या आवृत्तीत सेव्ह करून द्या. समोरच्याकडे फार जुनं व्हर्जन असण्याची शक्यता दांडगी.

ॲडोबीची वर्गणी परवडेल का?

कामातून सुटत असेल तर परवडेल. एजन्सीत काम करणारा, मासिकाच्या मांडणीत असणारा, ज्याला क्लायंट पीएसडी आणि एआय (म्हणजे फोटोशॉप आणि इलस्ट्रेटरच्या) फाइलीच पाठवतो, त्याला पर्याय नाही. विद्यार्थ्यांना सवलत असते, पण ती संपली की भाव एकदम चढतो, तो आधीच बघून ठेवा.

२०१३ पासून ॲडोबीने आपल्या मुख्य सॉफ्टवेअरच्या नवीन आवृत्त्या कायमच्या विकणं बंद करून वर्गणी सुरू केली. वर्गणीत एक खोच आहे. "दरमहा भरणा" असं मोठ्या अक्षरांत दिसतं, पण बहुतेक वेळा तो वर्षभराचा करार असतो आणि पैसे फक्त महिन्याला भागून घेतात. १४ दिवसांनंतर मध्येच सोडलं तर उरलेल्या रकमेच्या निम्मी रक्कम भरायला लागते. याच शुल्काची माहिती ग्राहकांपासून दडवली असा आरोप ठेवून फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या शिफारशीवरून अमेरिकी सरकारने जून २०२४ मध्ये कंपनीवर दावा लावला. कार्डावरची आपोआप वळती होणारी रक्कम बँकेच्या ॲपमधून थांबवता येते, पण त्याने करार संपत नाही. रद्द करायचं ते कंपनीच्या खात्यात जाऊनच करा आणि त्याचा ईमेल जपून ठेवा.

एखाद्याच मोठ्या कामापुरतं हवं असेल तर खरी महिन्याची योजना घ्या. ती महाग दिसते, पण दोन महिन्यांत सुटका होते.

ॲफिनिटी फुकट झालं हे खरं का? त्यात काही मेख आहे का?

खरं आहे. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या सेरिफ कंपनीचं हे सॉफ्टवेअर एकदाच पैसे भरून मिळायचं म्हणून लोकांचं लाडकं होतं. मार्च २०२४ मध्ये कॅनव्हाने सेरिफ विकत घेतली आणि ३० ऑक्टोबर २०२५ ला वेक्टर, फोटो आणि मांडणी हे तिन्ही एकत्र करून ॲफिनिटी फुकट सोडलं. कॅनव्हाचं खातं लागतं. एआयची साधनं हवी असतील तर कॅनव्हाची वर्गणी लागते, बाकी कामासाठी नाही. सीएमवायके, पीडीएफ-एक्स (छपाईसाठीची पीडीएफ), ब्लीड (कापण्यासाठी कडेला सोडायची जागा) सगळं आहे. तांत्रिकदृष्ट्या इंकस्केपपेक्षा हे कितीतरी गुळगुळीत चालतं.

मराठीच्या बाबतीत मात्र ॲफिनिटीची कीर्ती चांगली नाही. जोडाक्षरं सुटी पडण्याची तक्रार भारतीय लिपी वापरणारे अनेक वर्षं करत आले आहेत. मराठी अक्षरांच्या प्रश्नात दिलेली चाचणीची ओळ टाइप करून तुमच्या आवृत्तीत काय होतं ते बघा. अक्षरं फुटली तर मराठी मजकूर इंकस्केपमध्ये लिहा, पाथमध्ये बदला, एसव्हीजी करून ॲफिनिटीत आणा. चार ओळींच्या पोस्टरला हे चालतं. चाळीस पानांच्या स्मरणिकेला ही पद्धत म्हणजे शिक्षा आहे.

आणि फुकट म्हणजे मुक्त नव्हे. कंपनीने उद्या धोरण बदललं तर तुमच्या हातात काही नाही. म्हणून महत्त्वाची कामं त्यांच्या स्वतःच्या फाइलसोबत पीडीएफ आणि एसव्हीजीतही काढून ठेवा.

कॅनव्हा पुरेल का?

शाळेच्या सूचना, बचत गटाची जाहिरात, हळदीकुंकवाचं आमंत्रण, यूट्यूबचं थंबनेल यांना मजेत पुरतं. मराठी फॉण्ट भरपूर आहेत. शाळेतल्या शिक्षकांनी कॅनव्हाच्या शैक्षणिक योजनेसाठी अर्ज करावा, पडताळणी झाली की वर्गणीच्या बहुतेक सोयी फुकट मिळतात आणि हे फार थोड्या शिक्षकांना माहीत असतं.

फुकट आवृत्तीत पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी, एसव्हीजी आणि सीएमवायके पीडीएफ मिळत नाही. म्हणजे छापायच्या गंभीर कामाला नेमकं जे लागतं तेच. आणि तयार साच्यातून केलेला लोगो ट्रेडमार्क म्हणून नोंदवता येत नाही, कारण तेच चित्र जगात आणखी हजारो लोक वापरू शकतात. लोणच्याच्या बरणीवर कॅनव्हातला आंबा लावलात तर शेजारच्या तालुक्यातल्या बरणीवरही तोच आंबा दिसण्याची तयारी ठेवा.

मला चित्रं काढायची आहेत, डिझाइन नाही. काय घेऊ?

कम्प्युटर असेल तर क्रिटा. चित्रकारांनीच चित्रकारांसाठी वाढवलेलं सॉफ्टवेअर आहे हे, आणि ते वापरताना जाणवतं. ब्रश इतके की सुरुवातीला गोंधळायला होतं, पाच-सहा निवडा आणि बाकी महिनाभर विसरा. सीएमवायकेत थेट रंगवता येतं, ही सोय फुकट सॉफ्टवेअरमध्ये दुर्मीळ. डब्ल्यू ही कळ दाबली की चित्र चारी बाजूंनी स्वतःलाच जोडलं जातं, एका कडेला काढलेलं पान समोरच्या कडेने आत येतं. साडीच्या किंवा चादरीच्या छापाची सलग नक्षी करणाऱ्यांसाठी एवढी एक सोयही पुरेशी आहे. स्टीम आणि मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर क्रिटाला पैसे लागतात, संकेतस्थळावर तेच फुकट मिळतं. पैसे दिलेत तर ते विकासालाच जातात, त्यामुळे फसवणूक समजू नका. मजकूर मात्र क्रिटात लिहू नका, चित्र पीएनजी करून इंकस्केपमध्ये आणा आणि अक्षरं तिथे टाका.

आयपॅड आधीच घरात असेल तर प्रोक्रिएटसारखा सौदा नाही. अमेरिकेत १२.९९ डॉलर, एकदाच, वर्गणी नाही. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाची ही कंपनी त्या शब्दाला जागत आली आहे. पण केवळ प्रोक्रिएटसाठी आयपॅड आणि पेन्सिल घेणं म्हणजे स्वस्त सॉफ्टवेअरसाठी महाग यंत्र. शिवाय त्यात वेक्टर नाही आणि चित्राचा आकार वाढवला की थरांची संख्या कमी होते.

कॉमिक्स काढणाऱ्यांनी जपानचं क्लिप स्टुडिओ पेंट बघावं. चौकटी आणि संवादाचे फुगे यांची त्यातली साधनं फार चांगली आहेत. कम्प्युटरसाठी ते एकरकमी मिळतं आणि अधूनमधून सवलतीत येतं, टॅबलेटवर वर्गणी आहे. अनेक पानांची कथा असेल तर ईएक्स आवृत्ती, सुट्या चित्रांना प्रो आवृत्ती पुरे.

पेन टॅबलेट कोणता घ्यावा? की माउसवर भागेल?

वेक्टरला माउस पुरतो, उलट बरा पडतो. चित्रांना पुरत नाही. ह्युऑन किंवा एक्सपी-पेनचा स्क्रीन नसलेला लहान टॅबलेट काही हजारांत मिळतो, वाकॉम थोडा महाग पण दणकट. पहिल्या आठवड्यात हात खाली आणि नजर वर हे जमत नाही आणि लोक स्क्रीनवाला टॅबलेट घ्यायला धावतात. थांबा, सवय होते. वाचलेल्या पैशांत रॅम वाढवा.

माझ्याकडे फक्त मोबाइल आहे.

चालेल. आपल्याकडचे वाढदिवसाचे आणि "भावी नगरसेवक" छापाचे बरेच बॅनर अँड्रॉइडवरच्या पिक्सेललॅबमध्ये होतात, त्याच्या पीएलपी फाइली टेलिग्रामवर धान्यासारख्या वाटल्या जातात. शिकायला त्या उघडून बघाव्यात, थर कसे रचलेत ते कळतं. त्यातले फॉण्ट आणि फोटो कुणाचे, याचा पत्ता नसतो, त्यामुळे पैसे घेऊन करायच्या कामात त्या तशाच वापरू नका. आणि फ्लेक्सचा हिशेब वर दिलाय तो आठवून सुरुवातीलाच फाइलचा आकार मोठा धरा.

चित्रांसाठी आयबिस पेंट किंवा स्केचबुक. आयबिसमध्ये जाहिराती येतात, सहन होतात.

क्रॅक (परवान्याचं कुलूप तोडलेली चोरटी प्रत) वापरला तर काय होतं? सगळेच वापरतात.

बरेच वापरतात हे खरं. कायदा असा : कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ब प्रमाणे बेकायदा प्रत आहे हे माहीत असून ती कम्प्युटरवर वापरली तर ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर धंद्यासाठी किंवा नफ्यासाठी नसेल तर न्यायालय कैद टाळून ५० हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकतं. दुकान असेल तर ही सूट विसरा.

व्यवहारातला त्रास वेगळाच. क्रॅक टाकताना अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, आणि त्याच कम्प्युटरवर तुमचं नेटबँकिंग असतं. पूर्वी "दुसरं परवडत नाही" हे कारण तरी होतं, आता तेही उरलेलं नाही.

कम्प्युटर जुना आहे, ४ जीबी रॅम. काही चालेल?

इंकस्केप आणि गिंप चालतील, मोठ्या फाइलला धापा टाकतील. क्रिटा लहान चित्रापुरतं. ८ जीबी रॅम आणि एसएसडी टाकलीत तर त्याच यंत्रात जीव येतो, आणि तो खर्च वर्गणीसारखा दरवर्षी नाही, एकदाच करावा लागतो. ही सगळी मुक्त सॉफ्टवेअरं लिनक्सवरही चालतात.

दिवाळी अंक, स्मरणिका, कवितासंग्रह लावायचा आहे.

स्क्रायबस १.६ किंवा पुढचं. मास्टर पान (सगळ्या पानांचा साचा), परिच्छेदाच्या शैली, सीएमवायके, पीडीएफ-एक्स हे सगळं आहे. दिसायला ओबडधोबड आणि मोठा मजकूर ओतला की मंद होतं, म्हणून प्रत्येक लेखाची वेगळी फाइल करा. आधी सोळा पानांची पुस्तिका लावून, छापून बघा. दोनशे पानांचा अंक असेल, अंकाची तारीख डोक्यावर असेल आणि मदतीला कोणी नसेल, तर मी स्वतः इनडिझाइनची दोन महिन्यांची वर्गणी काढेन.

नोकरीच्या जाहिरातीत कोरल आणि फोटोशॉपच मागतात. मुक्त सॉफ्टवेअर शिकून वेळ वाया नाही का जाणार?

नाही. पेनने वक्ररेषा काढणं, नोड (रेषेवरचे बिंदू) कमीत कमी ठेवणं, थर, मास्क, रंगांची जुळणी ही कसबं सगळीकडे सारखीच आहेत, फक्त बटणांच्या जागा बदलतात. मुलाखतीला नमुने लागतात, ते इंकस्केपमध्ये केलेले असले म्हणून कोणी नाक मुरडत नाही. मात्र डीटीपी ऑपरेटरची जागा असेल तर कोरलची चाचणी आवृत्ती घेऊन शॉर्टकट पाठ करून जा, तिथे हाताचा वेग बघतात.

आता एआय चित्रं काढून देतं. मग सॉफ्टवेअर कशाला?

निघालेलं चित्र ठिपक्यांचं असतं, त्यावरची देवनागरी अजून भरवशाची नसते, आणि गिऱ्हाईक "फक्त पदर हिरवा करा, बाकी तसंच" म्हणालं की पंचाईत. तो पदर हिरवा करायला वरच्यापैकी काहीतरी लागतंच.

फाइली कशा ठेवू, म्हणजे सॉफ्टवेअर बदललं तरी अडणार नाही?

प्रत्येक कामाच्या तीन प्रती : मूळ फाइल (मजकूर बदलता येण्याजोगा), कर्व्ह केलेली पीडीएफ (प्रेससाठी), आणि मोठी पीएनजी (गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर दाखवायला). त्याच फोल्डरमध्ये वापरलेले फॉण्ट आणि मजकुराची युनिकोड प्रत साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवा. पुढच्या वर्षी मंडळ तेच पत्रक नवीन तारखांसह मागेल तेव्हा टाइपिंग वाचेल. फोल्डरच्या नावात वर्ष आणि गिऱ्हाइकाचं नाव टाका. "फायनल", "फायनल २", "एकदम फायनल" अशी नावं देऊ नका.